रक्तपिपासू आणि माठातलं पाणी

ये, अशी जवळ बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे वर्ध्याला सिंदी मेघ्यात, हे मला कळतं. पण वाचता वाचता खुर्ची जरा पुढे ओढलीस तर काही बिघडत नाही. आधी रागावून घेते, मग गोष्ट सांगते. दिवाळीत आलीस, चार दिवस राहिलीस, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की मोबाईल उशीखाली. काऊन गं? आजी काय वाघ आहे? एकदा तू आंघोळीला गेलीस आणि मोबाईल पलंगावर उघडाच राहिला. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, माझा काय इलाज? तो गोरा, थंडगार हाताचा पोरगा, ती कॉलेजातली पोरगी, तिची मान, त्याचे दात. दोन पानं वाचली नि मला हसूच आलं. अगं, लपवतेस कोणापासून? या रक्त पिणाऱ्यांच्या प्रेमकथा तू जन्मायच्या दहा-बारा वर्षं आधी मी ह्या हातांनी लिहिल्या आहेत. रचल्या दुसरीने, लिहिल्या मी. एक वाक्य तेवढं माझं होतं, आणि त्या एका वाक्याने काय केलं ते ऐक.

रचणारी होती आमची घरमालकीण. आम्ही बोरगाव मेघ्यातली खोली सोडून तिच्या घरी किरायाने आलो तेव्हा तुझी आई पाचवीत होती आणि तुझे आजोबा जिनिंग कारखान्यात कापसाच्या गठाणी बांधून घ्यायच्या कामावर होते. घरमालकिणीला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न केलेलं नाही, खळ घातलेली सुती साडी, आणि बाराही महिने काळी छत्री. ऊन त्यांना सोसायचं नाही. रोज बीटाची कोशिंबीर खायच्या, त्यामुळे ओठ लाल. गल्लीतली पोरं त्यांना मागून काहीबाही म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण पोरं दिसली की त्या मुद्दाम दात दाखवून हसायच्या.

आता त्यांची पहिली तऱ्हा. आमच्याकडे 'या' म्हणायची वाट कोण पाहते? बाईमाणूस चपला काढता काढता 'काय चाललं वं?' म्हणते, आणि आपण 'काही नाई' म्हणेपर्यंत चुलीजवळ पोचलेली असते. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात बाई माझ्या दारात आल्या. मी भाकरी थापत होते.

"विरजण आहे का गं?"

"हाव, आहे ना."

मी विरजण वाटीत काढलं, वाटी ओट्यावर ठेवली, तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली. बाई दारातच. तिसरी भाकरी झाली, बाई दारातच. मला वाटलं माझ्या हातून काही चुकलं.

"बाई, उभ्या काऊन?"

"तू 'या' म्हटलं नाहीस."

"अवं बाई, घर तुमचंच आहे!"

"भिंती माझ्या. उंबरा तुझा," त्या म्हणाल्या. "बोलावल्याशिवाय मी कोणाच्या घरात जात नाही आणि बोलावल्याशिवाय माझ्या घरात कोणी येत नाही."

आणि खरंच, त्यांच्या फाटकापाशी दूधवाला थांबायचा, सिलिंडरवाला थांबायचा, एकदा तर त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य पाव तास निंबाखाली उभे होते. बाया-पोरींना बाई 'या' म्हणायच्या. पुरुषमाणसाला म्हटलेलं मी पहिली चार वर्षं तरी ऐकलं नाही. त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते फाटकाच्या सळयांतून.

मी त्यांच्या कामाला कशी लागले, तर लोणच्याच्या बरणीमुळे. बरणीवर मी चिठ्ठी चिकटवली होती, 'आंबा, तिखट कमी'. बाईंनी ती चष्मा लावून वाचली.

"अक्षर कोणाचं?"

"माझंच. सातवी झाली मी."

"उद्या दोन वाजता ये. आणि कोणाला सांगू नकोस."

दुपारी दोन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सारं वर्धा कूलरसमोर आडवं झालेलं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या वेळेला सकाळचं कॉलेज आटोपून आलेल्या बाई वाळ्याच्या ताट्या ओल्या करून, दार लावून, येरझारा घालत सांगायच्या आणि मी खाली बसून पाटावर वही ठेवून लिहायची. लोक भुताखेताच्या गोष्टी अंधारात सांगतात. बाईंच्या सगळ्या गोष्टी भर उन्हात जन्मल्या.

"माझं अक्षर अर्ध्या गावाच्या वह्यांवर आहे," त्या म्हणाल्या. "हे माझ्या हातचं गेलं तर पोस्टातला माणूससुद्धा ओळखेल. तुझं अक्षर कोणी पाहिलेलं नाही."

नागपूरहून एक मासिक निघायचं, त्याच्यासाठी हा उद्योग. त्याच्या मुखपृष्ठावर दर महिन्याला एक घाबरलेली बाई असायची, पदर सुटलेला, तोंड उघडं. बाईंना त्या चित्राचा भारी राग. "माझ्या एकाही गोष्टीतली बाई घाबरत नाही," म्हणायच्या. "घाबरतो तो. तीनशे वर्षं जगलेला माणूस आहे, त्याला नकाराची भीती जास्त." गोष्टी एका पुरुषाच्या नावाने छापून यायच्या. इंग्रजी पुस्तकांतून आणि केबलवरच्या सिनेमांतून त्यांनी ह्या रक्तपिपासूंचे सगळे कायदे पाठ केले होते आणि मग ते वर्धा जिल्ह्याला लागू केले होते. ऊन चालत नाही? मग हा उन्हाळाभर जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीत झोपतो आणि हिवाळ्यात प्रेम करतो. लसूण चालत नाही? आता आपल्याकडे लसणाशिवाय कोणतं घर सापडणार? तर त्यांची नायिका लसणाचा ठेचा वाटून, तसेच हात घेऊन बाहेर यायची आणि हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना एक एक पाऊल तिच्याजवळ यायचा. प्रेम म्हणजे काय, हे मला त्यापेक्षा सोपं करून कोणी सांगितलं नाही.

तू विचारशीलच, म्हणून सांगते. चावट होत्या का गोष्टी? होत्या. पण बाईंची चावटपणाची हद्द ठरलेली होती. मान, कानामागची जागा, मनगटाची आतली बाजू, कोपराचा खळगा. जिथे नाडी लागते तिथवर. त्यापुढे तीन टिंबं. "अंगावर काटा यायला अंग उघडं पडावं लागत नाही," असं म्हणायच्या. पण त्या मनगटावर त्या अख्खं पान घालवायच्या, आणि ते पान लिहिताना माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

"लिही. त्याने तिचा शेपटा हळूच मानेवरून बाजूला केला."

"बाई, मले लाज वाटते."

"लाज वाटते तर वळणदार लिही. लाजेत घाई केली की काना-मात्रा सुटतात."

आणि शास्त्र! शास्त्र सोडायच्या नाहीत. दात शिरेतच लागले पाहिजेत, धमनीत लागले तर नायिका पाच मिनिटांत जायची, मग कसलं प्रेम? एका वेळेला पेल्याच्या वर रक्त प्यायचं नाही. पिऊन झालं की नायकाने तिला गूळ आणि फुटाणे द्यायचे, कपाळावर हात ठेवून विचारायचं, 'चक्कर येत नाही ना?' आणि तीन महिने परत तोंड लावायचं नाही. हे तीन महिने म्हणजे गोष्टीचा विरह. रक्तदानाच्या शिबिरात त्या स्वतः रक्त द्यायच्या आणि मग तिथेच खुर्ची टाकून बाकीच्यांना विचारत बसायच्या, 'सुई गेली तेव्हा आधी काय वाटलं? थंड की गरम?' लोकांना वाटायचं जीवशास्त्राच्या बाई आहेत, अभ्यास करत असतील.

आता गंमत ऐक. तुझे आजोबा ते मासिक आणायचे. गठाणीवर बसून दुपारच्या सुट्टीत वाचायचे आणि घरी आले की धान्याच्या कोठीमागे लपवायचे. बायको काय म्हणन! इकडे बायकोनेच ते लिहिलेलं. एक दिवस जेवता जेवता मला म्हणाले, "एक लेखक आहे. प्रेमातलं त्याले लय समजते. पण कापसातलं काही समजत नाई."

"काऊन?" मी विचारलं.

"त्याचा माणूस कापसाच्या गंजीत झोपते म्हणे. अवं, बारीक तंतू नाकात जाते. अमर असला तरी शिंकून शिंकून मरन तो."

मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. बाई गंभीर झाल्या. पुढच्या गोष्टीपासून नायक नाकाला दुपट्टा बांधून झोपू लागला. तो अंक आला तसे तुझे आजोबा कोठीमागून ओरडले, "पाह्य! सुधारला लेखक!" आणि मग जीभ चावली, कारण मासिक हातात होतं. मी म्हटलं, कोणता लेखक? ते म्हणाले, काही नाई, काही नाई.

असं छान चाललं होतं. तिसेक गोष्टी झाल्या होत्या. माझं शुद्धलेखन सुधारलं, मी दुकानातल्या पुड्यांचे कागदसुद्धा उलगडून वाचायला लागले. आणि मग माझ्याच हातून ते झालं.

बारावीच्या पोरी विज्ञानाच्या प्रयोगांची वही ठेवतात, तिला जर्नल म्हणतात. पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र असतं. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात आणि वर्षभराचे प्रयोग समाधानकारक पूर्ण केल्याबद्दल त्यावर सही करतात. बाई आमच्या गोष्टी अशाच कोऱ्या जर्नलमध्ये उतरवायला लावायच्या. तेच खाकी कव्हर, तीच चिठ्ठी. वर्गात पोरी बावन्न, म्हणून आमच्या वहीवर रोल नंबर त्रेपन्न. कोणी उघडलीच तर प्रमाणपत्रानंतरच्या पानावर बाईंनी स्वतः काढलेली हृदयाची आकृती, रंगीत पेन्सिलीने, नावं टाकून. "कोणी दुसरं पान उलटत नाही," बाई म्हणायच्या. "एवढ्या वर्षांचा अनुभव आहे."

परीक्षेच्या दिवशी सकाळी रिक्षा फाटकात उभी. बाई घाईत. "टेबलावरच्या साऱ्या जर्नल बांधून दे गं." मी साऱ्या बांधल्या. सुतळीची गाठ मारली, गठ्ठा उचलून रिक्षात ठेवला आणि 'सांभाळून जाजो बाप्पा' असं वरून रिक्षावाल्याला सांगितलं. दुपारी दोनला वही काढायला गेले तर टेबल रिकामं.

बाई संध्याकाळी आल्या त्या फाटकातच बसल्या. पायरीवर. छत्री उघडीच.

"सगळ्या बावन्न परत आल्या," म्हणाल्या. "त्रेपन्नावी परीक्षकांनी पिशवीत घातली."

परीक्षक हिंगणघाटचे. बारीक अंगाचे, विधुर, कडक म्हणून नाव. जिल्हाभर पोरी त्यांच्या नावाने देवाला नारळ बोलायच्या. बाकीच्या जर्नलांवर त्यांनी सह्या केल्या आणि त्रेपन्न नंबरला पोरगीच नाही म्हटल्यावर वही उघडली. दुसरं पानही उलटलं. मग काही न बोलता एसटीने निघून गेले.

"बावीस वर्षं झाली मला शिकवून," बाई म्हणाल्या. "उद्या प्राचार्यांना पत्र येईल. पोरींचे बाप येतील. काय तोंड दाखवू?"

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी खाली त्यांच्या शेजारी बसले.

"बाई, अक्षर माझं आहे. गठ्ठा मीच बांधला. मी सांगीन, मीच लिहिलं ते."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"म्हणन ते म्हणन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला घराबाहेर काढलं तर?"

"तर काय, शेजारीच येईन ना. तुम्ही 'या' म्हणसान तर."

त्या हसल्या नाहीत. पण छत्री मिटली.

पुढे दोन महिने त्या पोस्टमन दिसला की पांढऱ्या पडायच्या. गोष्टी बंद. बीट बंद. मार्च गेला, पत्र आलं नाही. एप्रिल संपत आला, आणि एका रविवारी दुपारी, दोन-अडीच वाजले असतील, फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर बारीक अंगाचे एक सर, डोक्याला पांढरा रुमाल, हातात खाकी कव्हरची वही. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. एसटी स्टँडवरून पायी आले होते. त्या उन्हात!

बाई ओट्यावर आल्या. मी दाराआड.

"रोल नंबर त्रेपन्न तुमचीच ना?" सरांनी विचारलं.

"कशावरून?"

"अक्षर तुमचं नाही. पण आकृती तुमची आहे. दरवर्षी तुमच्या फळ्यावर पाहतो. एवढं तिरपं हृदय जिल्ह्यात दुसरं कोणी काढत नाही."

सरांनी वही वर धरली.

"मी कोणाला दाखवली नाही. तीनदा वाचली. पहिल्यांदा परीक्षक म्हणून."

"आणि मग?"

"मग परीक्षक म्हणून नाही." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "दोन सूचना केल्या आहेत लाल शाईने. शिरेतलं रक्त गडद असतं, 'लालभडक' खोडलं आहे. बाकी शास्त्र चोख आहे. पण प्रमाणपत्रावर सही केलेली नाही. गोष्ट अपूर्ण आहे. अपूर्ण जर्नलवर मी सही करत नाही."

खरंच अपूर्ण होती. नायक नायिकेच्या दारात येऊन उभा राहिला होता. रक्तपिपासूंचा तो सगळ्यात मोठा कायदा, बघ. तुझ्या मोबाईलमध्येही असेल. घरच्या बाईने 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. तिथे आम्ही थांबलो होतो.

आणि इकडे फाटकात सर उभे. वही सळयांतून पुढे केलेली. बाई ओट्यावर उभ्या. निंबाची सावलीही फाटकापर्यंत पोचत नव्हती. मी दाराआडून मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा ना, म्हणा ना! बाईंचे ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. शेवटी मीच जाऊन वही घेतली. सरांनी मान लववली आणि आल्या उन्हात परत गेले.

मी वळले ती तोंड सोडूनच.

"तीस बायांच्या तोंडून तुम्ही 'ये' म्हणवलं, अन् तुमच्या तोंडात एक शब्द नाई? माणूस भाजून निघाला तिथे!"

"त्या बाया मी लिहिलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "मला कोणी लिहिलेलं नाही."

"मग बसा. मी लिहिते. सांगा."

त्याच दुपारी बसलो. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. नायक दारात. नायिका आत. ती उठते. दाराशी येते. आणि तिथे बाई थांबल्या. येरझारा घातल्या, भिंतीकडे तोंड केलं, पदराने चष्मा पुसला. पुढचं वाक्य काही येईना. कूलरमधलं पाणी संपलं, मी भरून आणलं, तरी येईना.

मग मी विचारलंच नाही. टाक खाली ठेवला नाही आणि लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता. मग वाचून दाखवलं: "उन्हात काऊन उभे आहात? आत या. माठातलं पाणी देते."

बाई गर्रकन वळल्या. "ऊन कुठून आलं? हा रात्री येतो. रक्तपिपासू उन्हात जळतो!"

"म्हणूनच तर लवकर बोलवाले पाह्यजे ना."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, वाक्य स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, "मागची दोन पानं बदलावी लागतील. त्याला दुपारी आणावं लागेल." आणि माझं वाक्य? त्यातली एक वेलांटीही त्यांनी बदलली नाही. 'काऊन' सुद्धा राहू दिलं, ज्यांनी मला चार वर्षं 'का' आणि 'कशाला' घोकायला लावलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुट्या कागदांवर उतरवून नागपूरला पाठवली.

मासिकाचा जूनचा अंक मेच्या शेवटीच यायचा. तुझे आजोबा घेऊन आले. त्या दिवशी लपवायचं विसरले. ओसरीवर बसून वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"हे तर तू म्हणते," म्हणाले. "मी जिनिंगमधून आलो का तू रोज असंच म्हणते."

माझ्या हातातली परात खाली पडायची बाकी होती. मी म्हटलं, "आता जगात काय एकटी मीच पाणी देते काय कोणाले?"

"हाव," म्हणाले ते. "लेखक लोक घरोघरी कान लावून बसत असतील." आणि पान उलटलं. पुढे त्या विषयावर चकार शब्द नाही. पण दिवाळीला सगळ्यांना कपडे आणले आणि मला वर एक शाईचा पेन आणला. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे जे वाचते आहेस ना, ते त्याच पेनाने आधी वहीत लिहिलं आहे.

आता त्या अंकाचं पुढचं. नवतपा लागला होता. तुला माहीत आहे, मे सरता सरताचे ते नऊ दिवस, माणूस दारातून डोकं बाहेर काढत नाही. तिसरा का चौथा दिवस असेल. दुपारी फाटक वाजलं. मी खिडकीत. सर होते. डोक्याला तोच पांढरा रुमाल, हातात मासिक, त्यावरची ती नेहमीची घाबरलेली बाई.

बाई ओट्यावर गेल्या. ह्या वेळी मी दाराआड लपलेही नाही, उघड उघड उभी राहिले.

"वाचलं," सर म्हणाले. "मला वाटलं, बोलावणं आहे. चुकलं असेल तर परत जातो. साडेतीनची एसटी आहे."

बाईंनी पदर सारखा केला. मला तर वाटलं, गेले हे सर आता साडेतीनच्या एसटीने. आणि मग बाई बोलल्या. प्रमाण मराठीशिवाय ज्यांच्या तोंडून कधी अक्षर निघालं नाही त्या बाई, वर्गातल्यासारख्या मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"उन्हात काऊन उभे आहात? आत या. माठातलं पाणी देते."

माझं वाक्य! अगं, माझं वाक्य बाईंच्या तोंडात! मी आत पळाले आणि गुळाचा खडा शोधायला लागले, कारण हसावं का रडावं ते कळेना आणि हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. गूळ-फुटाणे घेऊन बाहेर आले, तेव्हा सर ओट्यावर बसले होते, बाजूला रिकामा पेला. त्रेपन्न नंबरचं जर्नल मांडीवर घेऊन प्रमाणपत्रावर सही करत होते. बशी बघितली आणि त्यांनी बाईंना विचारलं, "आधी की नंतर?" बाईंचे कान लाल झाले. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा लाजताना पाहिलं त्यांना, आणि मी म्हटलं, चला, त्या बांधलेल्या गठ्ठ्याची भरपाई झाली.

लग्न केलं का, हा तुझा पुढचा प्रश्न. केलं, पण घाई नाही केली. दर रविवारी सर एसटीने यायचे, फाटकात उभे राहायचे, बाई 'या' म्हणायच्या तेव्हाच आत यायचे. नियम म्हणजे नियम. ओट्यावर बसून शीर आणि धमनी यांवर भांडायचे. लोक बोलले ना, बोलणार नाहीत तर काय? बाई म्हणायच्या, बोलू दे, त्यांच्यात रक्ताची कमी आहे. तू दीड वर्षाची होतीस तेव्हा दोघंही रिटायर झाले आणि मग कोर्टात जाऊन सह्या केल्या. साक्षीदाराची एक सही माझी. कारकून म्हणाला, काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं. बाई म्हणाल्या, "तीस-चाळीस जणांना मरता मरता वाचवलं आहे त्या अक्षराने." कारकुनाला वाटलं मी नर्स असेन.

आता दोघं हिंगणघाटला असतात. सर अजून वाचतात, पण बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला आहे. फोनवर मी तुझ्या मोबाईलमधल्या त्या पोराची गोष्ट सांगितली, तर पहिला प्रश्न काय, "पिऊन झाल्यावर तिला गूळ देतो का?" मी म्हटलं, दोनच पानं वाचली, तिथवर पोचले नाही. "मग तुझ्या नातीला घेऊन ये," म्हणाल्या, "मला ऐकायचं आहे आणि चुका काढायच्या आहेत." लाल शाई सरांकडे अजून आहे.

तर पोरी, तू दरवेळी फोनवर म्हणतेस, 'आजी, तू बोलावलंस की येते.' तोंडाने मी शंभरदा बोलावलं, तुझा काही पाय निघाला नाही. मग आठवलं की काही माणसांना लिहूनच बोलवावं लागतं. म्हणून हे सगळं लिहून काढलं. फाटक उघडंच आहे, माठ आजच धुऊन भरला आहे. येताना तो मोबाईल उशीखालून काढून आणजो, चार्जर विसरू नको. आपण दोघी सकाळच्या एसटीने हिंगणघाटला जाऊ आणि त्यांच्या फाटकात उभ्या राहू. बाई 'या' म्हणतीलच. तोवर उन्हात काऊन उभी आहेस? लवकर येजो.